सॉफ्टवेअरची मुलाखत

म्हैसूर जंक्शन सोडून गाडी नंजनगूडच्या वाटेला लागली, की पहिले स्थानक येते ते चामराजपुरम. स्थानक लहान, वस्ती जुनी. सरकारी बदलीने मला काही वर्षांपूर्वी या वस्तीत आणून सोडले. गेल्या वर्षी मे महिन्यात माझी भाची, बेळगावला असलेल्या थोरल्या बहिणीची मुलगी, अभियांत्रिकीची पदवी घेऊन आमच्याकडे मुक्कामाला आली. म्हैसूर आणि बंगळूर येथील सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखती द्यावयाच्या, असा तिचा बेत होता. मी आजवर निवडसमित्यांवर पुष्कळदा बसलो आहे. तेव्हा मुलीला चार उपयुक्त गोष्टी सांगणे हे मामाचे कर्तव्यच आहे, असे मी गृहीत धरले. ताठ बसावे, प्रश्न पुरता ऐकून घ्यावा, ठाऊक नसेल ते ठाऊक नाही म्हणून सांगावे, त्या दिवशीचे वर्तमानपत्र वाचून जावे, असे बरेच काही मी सांगितले. तिने ते निमूटपणे ऐकून घेतले. पुढच्या तीन महिन्यांत माझ्या ध्यानात आले, की त्यांपैकी कामाच्या गोष्टी फार तर दोन होत्या. वर्तमानपत्राबद्दल तर तिला कोणी एका शब्दाने विचारले नाही.

श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी अशी मुले-मुली आहेत, त्यांचीही अवस्था माझ्यासारखीच असणार. मूल पडद्यासमोर बसते, स्वतःशी काही पुटपुटते, रात्री उशिरा दिवा मालवते. आणि एके दिवशी सांगते, की चौथी फेरी झाली, पाचवी बाकी आहे. या फेऱ्या कसल्या, हे विचारण्याचे धाडस वडीलधाऱ्यांना होत नाही. मी ते केले, म्हणून आज हे सांगू शकतो.

नोकरी मिळण्याची रीत काळाप्रमाणे बदलत आली आहे. म्हैसूरचे दिवाण म्हणून पुढे कीर्ती पावलेले विश्वेश्वरय्या पुण्यास शिकले. १८८३ साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते पहिले आले, आणि १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजूही झाले. परीक्षेतील क्रमांक हीच त्यांची मुलाखत, असे म्हणावयास हरकत नाही. माझ्या पिढीने लेखी परीक्षा आणि तोंडी परीक्षा अशी दोन्ही दारे ओलांडली. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत आज एकूण २,०२५ गुणांपैकी मुलाखतीला २७५ आहेत. म्हणजे बराचसा निकाल कागदावरच लागलेला असतो. सॉफ्टवेअरच्या व्यवसायात मात्र पदवी आणि गुण यांनी दार किलकिले होते, इतकेच. आत जावयाचे ते मुलाखतीच्या बळावर.

या व्यवसायाशी म्हैसूरचा संबंध जवळचा आहे. आमच्या वस्तीपासून फार दूर नसलेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंगमधून नारायण मूर्ती १९६७ साली पदवीधर झाले. त्यांनी सहा सहकाऱ्यांसह १९८१ साली इन्फोसिसची स्थापना केली ती पुण्यास, हे महाराष्ट्रीयांना सांगावयास नकोच. त्या कंपनीने म्हैसुरात २००५ साली जे शिक्षणकेंद्र उघडले आणि २००९ साली वाढविले, त्याचा विस्तार तीनशे एकरांहून अधिक आहे. नव्याने भरती झालेली हजारो मुले तेथे राहून शिकतात. शनिवार-रविवारी राजवाड्यासमोर किंवा चामुंडी टेकडीवर मराठीत बोलणारा पोरांचा एखादा घोळका भेटतो, तो बहुधा तिकडचाच.

यातूनच मुलाखतीचे दोन प्रकार ध्यानात येतात. ज्या कंपन्या एका वेळी हजारोंच्या संख्येने नवी मुले घेतात, त्या उमेदवाराला आज काय येते यापेक्षा शिकविले तर येईल की नाही, हे पाहतात. त्यांची पहिली चाळणी म्हणजे संगणकावरील परीक्षा. गणिती तर्क, इंग्रजी भाषा, आणि एक-दोन प्रश्न प्रोग्राम लिहिण्याचे. नंतरची मुलाखत बरीचशी ओळखीच्या वळणाची असते. दुसऱ्या प्रकारच्या कंपन्या स्वतःचे सॉफ्टवेअर घडवितात आणि थोडी माणसे घेतात. त्यांच्याकडे चार-पाच फेऱ्या होतात. प्रत्येक फेरी पाऊण तासाची किंवा तासाची, आणि प्रत्येकीत समोर वेगळा अभियंता. वयाने तो उमेदवारापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असतो. आमच्या समित्यांतील पिकल्या केसांची सवय असलेल्याला हे प्रथम चमत्कारिक वाटते.

या फेऱ्यांत विचारतात तरी काय? भाचीने मला एक प्रश्न घातला. तो येथे सांगतो, कारण त्यात या परीक्षेचे सारे मर्म आहे. समजा, एका कचेरीत दहा हजार पावत्या आहेत आणि हिशेबात ८,४६० रुपयांची तफावत येते. कोणत्या तरी दोन पावत्यांच्या रकमांची बेरीज नेमकी ८,४६० आहे. त्या दोन पावत्या शोधून काढावयाच्या.

पहिला विचार कोणालाही सुचेल. एक पावती हाती घ्यावी, ती उरलेल्या प्रत्येकीशी मिळवून पाहावी. मग दुसरी घ्यावी. उत्तर मिळेल, यात शंका नाही. पण दहा हजार पावत्यांच्या जोड्या जवळजवळ पाच कोटी होतात. दर सेकंदाला एक जोडी तपासली, तर रात्रंदिवस काम करूनही दीड वर्ष पुरणार नाही.

मी थोडा वेळ विचार केला आणि म्हणालो, "आमच्या कचेरीतले जुने हेडक्लार्क आधी पावत्या रकमेप्रमाणे चढत्या क्रमाने लावून घेत." मग डावे बोट सर्वांत लहान रकमेवर, उजवे सर्वांत मोठ्या रकमेवर. बेरीज कमी भरली तर डावे बोट एक घर पुढे; जास्त भरली तर उजवे एक घर मागे. बोटे एकमेकांना भेटण्यापूर्वी जोडी सापडलीच पाहिजे, आणि पावत्या एकदा लावून झाल्यावर दहा हजारांहून अधिक पावले लागण्याचे कारण नाही. भाची हसून म्हणाली, "मामा, तुम्ही पहिल्या फेरीत पास." तिसरी रीतही तिने सांगितली. प्रत्येक पावती वाचताना ती वहीत टिपून ठेवावयाची, आणि टिपण्यापूर्वी पाहावयाचे, की ८,४६० मधून ही रक्कम वजा केल्यावर जी उरते, ती वहीत आधीच आहे काय? वही नीट आखलेली असेल तर शोध क्षणात लागतो. पावत्या क्रमाने लावाव्याच लागत नाहीत. मात्र वहीला जागा लागते. वेळ वाचवावयाचा तर जागा खर्चावी लागते, जागा वाचवावयाची तर वेळ. आणि कोठे काय खर्चावे, हे ज्याला समजते तो अभियंता. डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम म्हणून जो विषय ही मुले महिनोन्महिने घोकतात, त्याचा गाभा या वहीच्या आखणीत आहे.

पण उत्तर येणे हा परीक्षेचा अर्धाच भाग. समोरचा अभियंता त्याआधी काही पाहत असतो. उमेदवाराने प्रश्न ऐकताच लिहावयास आरंभ केला, की तो मनाशी एक खूण करतो. कारण प्रश्न मुद्दामच अपुरा सांगितलेला असतो. एकच पावती दोनदा धरली तर चालेल का? परताव्याच्या, म्हणजे उणे रकमा आहेत का? अशा दोन जोड्या निघाल्या तर दोन्ही हव्यात की एक? एकही निघाली नाही तर काय सांगावयाचे? हे विचारणारा उमेदवार पुढे गिऱ्हाइकालाही विचारील, आणि ज्याने विचारले नाही तो चुकीची वस्तू सुबकपणे बनवून देईल, असा त्यामागचा हिशेब आहे. मग विचार मोठ्याने करावयाचा असतो. मनातल्या मनात सोडवून शेवटी उत्तर मांडणे, ही आपल्या शाळांनी लावलेली सवय येथे आड येते. अडल्यावर गप्प बसण्यापेक्षा "मी येथे अडलो आहे, आणि या कारणाने अडलो आहे" असे सांगितले, तर समोरचा बहुधा बोट धरून एक पाऊल पुढे नेतो. त्याने सूचना दिली म्हणजे आपण नापास झालो, अशी मुलांची समजूत असते. सूचना मिळाल्यावर उमेदवार तिचे काय करतो, हेही पाहावयाचे असते. आणि शेवटी, लिहिलेला प्रोग्राम एखादे छोटे उदाहरण घेऊन ओळीओळीने स्वतःच तपासून दाखवावा. ज्येष्ठ कारकून बेरीज उलटीकडून पुन्हा करीत असे, तसेच हे.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका जिल्ह्यात, मी एका निवडसमितीचा सदस्य होतो. एक मुलगा आला. कागदपत्रे उत्तम, लेखी परीक्षेत वरचा क्रमांक. प्रश्न विचारला, की तो खाली पाहून बराच वेळ गप्प राही. पाचजण त्याच्याकडे पाहत होतो. आत्मविश्वासाचा अभाव, असा शेरा मी लिहिला आणि गुण कमी दिले. तो निवडला गेला नाही. त्या वेळी मला त्याचे काही वाटले नाही.

भाची तिसऱ्या ठिकाणी नापास होऊन आली, त्या रात्री मला तो मुलगा आठवला. प्रश्न तिला येत होता. घरी परत येऊन, चहाचा पेला बाजूस ठेवून, तिने तो वीस मिनिटांत सोडविला. "कोणी पाहत असले की माझं डोकंच चालत नाही, मामा," एवढेच ती म्हणाली. पुढे शोध करता मला कळले, की या गोष्टीची परीक्षाही झालेली आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी २०२० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४८ विद्यार्थ्यांपैकी काहींनी प्रश्न परीक्षकासमोर फळ्यावर, बोलत बोलत सोडवावयाचा. उरलेल्यांनी तोच प्रश्न एका खोलीत एकट्याने. ज्यांच्याकडे कोणी पाहत होते, त्यांची कामगिरी निम्म्याहूनही खाली आली. आणखी एक गोष्ट आढळली. परीक्षकासमोर सोडविणाऱ्या स्त्रियांपैकी एकही उत्तीर्ण झाली नाही. एकट्याने सोडविणाऱ्या साऱ्या झाल्या. प्रयोग लहान आहे आणि त्यावरून सिद्धान्त बांधणे योग्य होणार नाही, हे मान्य. पण मला माझा शेरा आठवला तो आठवलाच.

यावर उपाय एकच, आणि तो नीरस आहे. कोणीतरी पाहत असताना सोडविण्याचा सराव. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी अर्धा तास मी खुर्ची घेऊन तिच्यासमोर बसू लागलो. मला प्रोग्राममधले फारसे कळत नव्हते, पण गंभीर चेहरा करून पाहण्याचा अनुभव दांडगा होता. पहिला आठवडा वाईट गेला. मग हळूहळू ती माझ्याकडे दुर्लक्ष करावयास शिकली.

ज्यांना काही वर्षांचा अनुभव आहे, त्यांच्यासाठी आणखी एक फेरी असते; तिला सिस्टिम डिझाइन म्हणतात. तीत एकच एक उत्तर नसते. रेल्वेचे तत्काळ आरक्षण सकाळी दहाला उघडते वातानुकूलित वर्गाचे, अकराला इतर वर्गांचे. त्या क्षणी देशभरातून लाखो हात एकाच दारावर थाप मारतात. एक शायिका उरली आहे आणि दोघांनी एकाच क्षणी तिच्यावर बोट ठेवले, तर ती कोणाला द्यावयाची? पैसे घेतले आणि तेवढ्यात वीज गेली, तर तिकीट झाले की नाही? रिकाम्या जागांचा आकडा पाहणारे पुष्कळ आणि विकत घेणारे थोडे. मग पाहणाऱ्यांसाठी आकड्याची वेगळी प्रत ठेवली, तर ती क्षणभर शिळी असलेली चालेल काय? अशा प्रश्नांवर तासभर बोलावयाचे असते. ज्याने प्रत्यक्ष काम केले आहे तो येथे ओळखू येतो, आणि ज्याने केवळ पाठ केले आहे तोही.

उरलेल्या भागाबद्दल थोडक्यात सांगता येईल. बायोडेटात जे लिहिले, त्यातील प्रत्येक ओळीवर प्रश्न येऊ शकतो. तेव्हा चौघांनी मिळून केलेल्या प्रकल्पात आपण स्वतः कोणती वीट ठेवली, हे सांगता आले पाहिजे. एखाद्या चुकीबद्दल किंवा सहकाऱ्याशी झालेल्या मतभेदाबद्दल विचारतात. तेथे "माझी चूक अशी कधी झालीच नाही" हे उत्तर सर्वांत वाईट. पगाराचा आकडा सीटीसी या नावाने सांगतात. त्यात भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कमही मिळविलेली असू शकते, म्हणून महिन्याला हाती काय पडणार, हे निराळे विचारावे. नोकरी मध्येच सोडण्याबद्दल काही करार आहे का, रुजू होण्याची तारीख कोणती, हेही विचारावे. विचारल्याने कोणी रागावत नाही. आणि नोकरीसाठी कोणी अनामत, प्रशिक्षण किंवा लॅपटॉप या नावाखाली पैसे मागितले, तर तेथून उठून यावे. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने असे पैसे भरले. ते परत आले नाहीत.

ही सारी पद्धत शहाणपणाची आहे काय? उमेदवाराची पारख कशी करावी, हा प्रश्न म्हैसूरला नवा नाही. येथील महाराजा महाविद्यालयात १९२४ साली मानसशास्त्राचा विभाग निघाला. त्याचे प्राध्यापक डॉ. गोपालस्वामी हे बुद्धिमापनासाठी प्रसिद्ध असलेल्या स्पिअरमन यांच्याकडे लंडनला शिकलेले होते. याच गोपालस्वामींनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी लहानसे प्रक्षेपणयंत्र बसवून नभोवाणी केंद्र चालविले आणि 'आकाशवाणी' हे नाव प्रथम त्या केंद्राने रूढ केले. मी ज्या माध्यमातून बोलत आहे, त्याचे नाव एका मानसशास्त्रज्ञाच्या घरातून आले आहे, याची मला गंमत वाटते. वायुसेनेचे एक निवड मंडळही म्हैसुरात आहे. तेथे उमेदवाराला काही दिवस ठेवून घेऊन पारखतात.

त्या शास्त्राचे आजचे म्हणणे असे, की गप्पांच्या ओघात माणूस ओळखतो, हा आपला अभिमान फोल आहे. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यात सर्वांना तेच प्रश्न आणि आधी ठरविलेल्या निकषांवर गुण, अशी ठरीव मुलाखत मोकळ्या मुलाखतीपेक्षा कितीतरी सरस ठरली. २०२२ साली सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने आकडे पुन्हा तपासले. बरेच आकडे खाली आले, पण ठरीव मुलाखत वरच राहिली. सॉफ्टवेअर कंपन्याही ठेचा खाऊनच शिकल्या. विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, या जातीची कोडी एके काळी गूगल विचारीत असे. ती निव्वळ वेळेचा अपव्यय होती, असे त्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचे तत्कालीन प्रमुख लास्झलो बॉक यांनीच २०१३ साली सांगून टाकले. आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नवाच पेच आला आहे. दूरस्थ मुलाखतीत उत्तर उमेदवाराचे की यंत्राचे, हे कळेनासे झाले. म्हणून निदान एक फेरी समोरासमोर घेण्याकडे वळत असल्याचे सुंदर पिचाई यांनी २०२५ साली सांगितले. पडद्यावरची मुलाखत पुन्हा खोलीत येऊ पाहत आहे.

एक गोष्ट मात्र आईबापांनी ध्यानात घ्यावी. नेमणुकीचे पत्र आले म्हणजे परीक्षा संपली, असे या धंद्यात नाही. भाची येण्याच्या आधीच, फेब्रुवारी २०२५ मध्ये, म्हैसूरच्या त्या मोठ्या केंद्रातून प्रशिक्षणार्थींना कमी करण्यात आले. अंतर्गत परीक्षेत तीन संधी देऊनही ते उत्तीर्ण झाले नाहीत, असे कंपनीचे म्हणणे. कंपनीने आकडा तीनशेहून अधिक सांगितला; कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेने त्याहून पुष्कळ मोठा. शिकविण्यासाठी म्हणून बोलाविले, आणि शिकले नाही म्हणून परत पाठविले. यात कंपनीने स्वतःच्या निवडीची जबाबदारी किती घेतली, हा प्रश्न मला पडतो. निवडसमितीवर बसणाऱ्याला तो पडावयासच हवा.

भाची एकूण सहा ठिकाणी गेली. पाच ठिकाणी नकार आला. त्यांपैकी दोघांनी तर कळविण्याचेही सौजन्य दाखविले नाही. सहावी कंपनी बंगळूरची आणि लहान. त्यांनी कोडे घातले नाही. आपल्याच एका जुन्या प्रोग्रामातील बिघड तिच्यापुढे ठेवला, संगणक दिला, आणि "आम्ही तासाभराने येतो" म्हणून सारे खोलीबाहेर गेले. तिला बिघड सापडला. पूर्ण दुरुस्त मात्र झाला नाही. आपण कोठवर पोचलो आणि पुढे काय करून पाहिले असते, हे तिने परत आलेल्यांना सांगितले. सप्टेंबरात ती रुजू झाली.

यंदाच्या जानेवारीत आमच्या कचेरीतील एका पदासाठी समिती बसली. उमेदवाराला एक खरीखुरी नस्ती द्यावी, वीस मिनिटे शेजारच्या खोलीत एकट्याला बसू द्यावे आणि मग बोलवावे, असे मी सुचविले. दोघा सदस्यांना ते पटले. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, आणि पुढल्या खेपेस विचार करू म्हणाले.